कापसाचा चुकारा (विकल्याचे पैसे) चेकनं भेटला, मजुरी उद्याच द्यायची आहे. काय करावं?

काळी माती (राळेगाव तालुका) | शनिवार, दुपारी १२.४०

नमस्कार मंडळी. साडेसहा एकरवाला शेतकरी आहे, त्यात चार एकर कपाशी. काल पहिल्या दोन वेच्यांचा कापूस जिनिंगवर नेला. छोट्या हत्तीच्या दोन खेपा झाल्या. काट्यावर २४ क्विंटल ६० किलो भरला.

सीसीआयचा, म्हणजे सरकारी खरेदीचा, २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आहे हे मलाही माहीत आहे, त्यावरून कोणी शिकवू नका. आमचा ओलावा १४ टक्क्यांच्या वर निघाला, अन् तिथं १२ च्या वर गेला की गाडी परत फिरते. वाळवायला घरी ठेवावा तर खोल्या दोन. एकीत छतापर्यंत कापूस, अन् दुसरीत पोरं अंग खाजवून राहिले. विकला एकदाचा.

खाजगीत भाव दोन होते. नगदी ६,७५०, चेकनं ६,८५०. मी तिथंच मोबाईलवर हिशेब केला, क्विंटलमागं शंभर म्हणजे २,४६० रुपये जास्त. चेक द्या म्हटलं. हमाली-काटा कापून १,६८,००० चा चेक हातात आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. आज चौथा शनिवार, उद्या रविवार. बँक आमच्यापासून १७ किलोमीटर, उघडणार सोमवारी.

इकडे उद्या गावचा बाजार. वेचणाऱ्या अकरा बायांचे १३,९०० देणं बाकी आहे, किलोमागं दहा रुपयांनी. काल वावरातून निघताना एकीनं विचारलं, 'भाऊ, बाजाराच्या आधी भेटन ना जी?' मी हो म्हणून बसलो. वरून दोन एकर चना पेरायचा आहे, जमिनीत ओल आहे तोवर. जॅकी वाणाच्या बियाण्याच्या थैल्या अन् खत मिळून अकरा-बारा हजार. विहिरीची मोटर जळाली, तिचं वायंडिंग ४,८०० सांगितलं. हे झाले तीसेक हजार.

गावात एक जण चेक ठेवून लगेच नगदी देतो, दोन टक्के कापून. म्हणजे ३,३६०. शंभराच्या लालचेनं २,४६० वाचवले अन् आता ३,३६० घालवतो, म्हणजे मी शहाणा का येडा हे कळून नाही राहिलं. बायको हसून राहिली ते वेगळंच.

दुसरा काही रस्ता आहे का? आता चेक त्याच दिवशी पास होतो असंही कोणी म्हणत होतं, खरं आहे का?

---

वऱ्हाडी वखर | शनिवार, दुपारी १.०५

भाऊ, राग नको येऊ देऊ, पण तुले पाह्यजेत तीस हजार अन् तू बट्टा देऊन राहिला एक लाख अडुसष्ट हजारावर? तीस हजारासाठी ३,३६० म्हणजे शेकडा अकरा झाले, तेही तीन-चार दिवसाचे! आमच्या इकडला जुना सावकार तरी महिन्यानं हिशेब करे.

अन् दुसरी गोष्ट आयक. चेकवर दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलेलं असन तर त्याले तो चेक सोताच्या खात्यात टाकताच येत नाही. मंग तो काय करते? तुह्या खात्यात टाकते, अन् पैसे काढाले तुह्यापासून कोऱ्या विड्रॉलवर सही घेऊन ठेवते. पासबुक ठेवते. एटीएम कार्डबी ठेवते, त्याचा पिन नंबरबी इचारते.

मी दोन वर्सामांगं हे केलं. सोयाबीनचा चेक होता. पंधरा दिवसानं चेक परत आला, खात्यात पैसेच नव्हते. दुकानदार उन्हाळ्यापर्यंत फोन उचले ना. चेकवाला माह्या घरी आला, दिलेले पूरे पैसे परत मांगितले, दोन टक्के त्याचे त्याच्याजवळच. बँकेनं चेक रिटर्नचे कापले ते आणखी. मले वाटलं होतं का दोन टक्क्यात त्यानं जोखीम घेतली. जोखीम माहीच होती बाप्पा, त्यानं फक्त घाई इकत घेतली होती.

वकिलाकडं गेलो तर तो म्हणे बँकेचा परतीचा मेमो हाती आल्यापासून तीस दिवसात नोटीस जाले पाह्यजे होती. मी गेलो चाळीसाव्या दिवशी. मंग आता काय, गेले.

---

निवृत्त हेड कॅशियर | शनिवार, दुपारी २.३०

चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली वीस हिंगणघाट आणि वाशीम भागात. कापसाच्या हंगामातली चेकची रांग खिडकीच्या आतून पाहिलेली आहे, म्हणून लिहितो.

काळी माती भाऊ, आधी तो चेक समोर घ्या आणि मला चार गोष्टी सांगा. तारीख कोणती लिहिली आहे? नाव तुमच्या पासबुकात आहे तसंच्या तसं आहे का? डाव्या कोपऱ्यात रेघा आहेत का? आणि चेक कोणत्या बँकेचा आहे, तुमच्याच की दुसऱ्या?

शेवटचं आधी बोलतो. चेक तुमच्याच बँकेचा असेल, मग शाखा कुठलीही असो, तर त्याला क्लिअरिंग लागतच नाही. सगळ्या शाखा एकाच कॉम्प्युटरवर आहेत. टेलर सही पाहतो, समोरच्या खात्यात पैसे पाहतो आणि वळते करतो. काउंटर रिकामं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. माल विकताना 'तुमचं खातं कुठं आहे?' एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं, पण आपण भाव विचारतो आणि थांबतो.

बँक दुसरी असेल तर क्लिअरिंग. तुम्ही ऐकलं ते खरं आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं पद्धत बदलली. पूर्वी दिवसभराचे चेक एका गठ्ठ्यात जायचे आणि पैसे दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी. आता दिवसा ठरलेल्या वेळात चेकचा फोटो स्कॅन होईल तसा पुढे जातो. ज्याच्यावर चेक आहे त्या बँकेनं संध्याकाळी ७ च्या आत हो की नाही सांगायचं. सांगितलं नाही तर हो धरून चालतात.

पण हे घड्याळ चेक स्कॅन झाल्यावर सुरू होतं, तुम्ही बँकेत पोचल्यावर नाही. दाराजवळच्या पेटीत टाकलेला चेक पेटी उघडेपर्यंत पेटीतच असतो. कुठे पेटी अकराला उघडते, कुठे तीनला. छोट्या शाखेत स्कॅनर बिघडला तर चेक तालुक्याला जातो, म्हणजे दिवस गेला. पतसंस्थेत किंवा लहान सहकारी बँकेत भरला तर ती तो मोठ्या बँकेमार्फत पाठवते, तिथंही वेळ जातो. म्हणून चेक काउंटरवर द्या आणि स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का मागा. काउंटरवर दिलेल्या चेकची पोच मागितली तर ती नाकारायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. शिक्का मारायचा म्हटलं की चेक त्या माणसाच्या हातात जातो, आणि हातातला चेक पेटीतल्यापेक्षा लवकर सरकतो. एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

बँक स्वतः चेक 'पर्चेस' करून पैसे आधी देते, पण ते जुन्या, चांगल्या चालणाऱ्या खात्याला, मॅनेजरच्या अधिकारात आणि खर्च लावून. चेक परत आला तर वसुली तुमच्याकडूनच. शनिवारी बंद शाखेपुढे त्याचा उपयोग नाही.

चेक पाहून सांगा.

---

काळी माती | शनिवार, दुपारी ३.१०

काकाजी, पाहिला. अन् डोकं धरून बसलो.

तारीख मंगळवारची आहे. काल मुनीमनं पेनानं भराभर लिहिला, घडी करून दिला, मी आकडा तेवढा वाचला. नाव 'बाळू' लिहिलं, पासबुकात अन् आधारात बालाजी आहे. आडनाव बरोबर आहे. तिथं सगळे बाळूच म्हणतात, तर त्याचा तरी काय दोष. रेघा आहेत, अकाउंट पेयी. बँक दुसरी.

म्हणजे सोमवारी ३४ किलोमीटर जाणं-येणं करून तसाच परत आलो असतो. अन् तो दोन टक्केवाला हाच चेक पाहून 'चालते' म्हणाला होता. कसं चालत होतं त्याला?

---

निवृत्त हेड कॅशियर | शनिवार, दुपारी ३.३५

त्याला चालतं, कारण थांबायचे पैसे तुम्ही देता.

मंगळवारच्या आत तो चेक कोणतीही बँक घेणार नाही. पुढच्या तारखेचा आहे. आणि 'बाळू' वर काट मारून 'बालाजी' करून आणू नका. नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त केलेला चेक क्लिअरिंगमध्ये चालत नाही, खाली सही केली तरी. नवा चेकच लागतो. जुना परत देऊन त्यांच्यासमोर फाडून घ्या.

नवा घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, इतक्या रकमेच्या चेकची माहिती त्यांनी बँकेला ॲपवर आधी कळवली का? पन्नास हजारांपासून पुढे ती सोय आहे. पाच लाखांच्या वर बऱ्याच बँका ती सक्तीची करतात, तुमच्या रकमेला बहुतेक ऐच्छिक, पण कळवलेलं असलं की पासिंगला कोणी फोन करत बसत नाही. दुसरी, चेकच कशाला? त्यांच्या मोबाईलमधून एनईएफटी करता येते. ती २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, रविवारीही, अर्ध्या-अर्ध्या तासाला गठ्ठे जातात. आरटीजीएसला कमीत कमी दोन लाख लागतात, तुमची रक्कम त्यात बसत नाही. त्यामुळे 'आरटीजीएस मारा' असं म्हणू नका, ते लगेच 'बसत नाही' म्हणून मोकळे होतील.

---

जिनिंगचा मुनीम | शनिवार, सायंकाळी ५.२०

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी दुसऱ्या तालुक्यात आहे, पण चेक असेच लिहितो.

मंगळवारची तारीख फसवायला नसते हो. शेठ आज तुमचा कापूस घेते, सरकी वेगळी काढते, गठाण बांधते, मिलला पाठवते. मिलचे पैसे आठ-पंधरा दिवसांनी. मधले दिवस बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे उचलीच्या) खात्यावर चालते, अन् हंगामात ते खातं रोज काठावर असते. चार दिवस पुढची तारीख म्हणजे चार दिवसाचं व्याज वाचलं, बस. नगदी अन् चेकच्या भावातल्या शंभरच्या फरकात याचाही थोडा वाटा असते. तुम्हाला वाटते चेकवाला भाव जास्त. आम्ही म्हणतो नगदीवाला कमी.

बाजार समितीच्या नियमानं चुकारा त्याच दिवशी द्यायचा असते. तुम्ही तसं म्हटलं तर कोणी नाही म्हणू शकत नाही. पण भांडून मागायच्या आधी एक करा. पूर्ण रक्कम मागू नका. 'तीस-पस्तीस हजार आता मोबाईलवर टाका, बाकीचा चेक मंगळवारचाच राहू द्या' म्हणा. १०० पैकी ९० शेठ एवढं करते. एक लाखापर्यंत यूपीआयनं जाते. पूर्ण रक्कम मागितली की खातं आठवते, थोडी मागितली की ओळख आठवते.

अन् हो, आधार दाखवून नाव लिहून घ्या. आम्ही दिवसाला ऐंशी चेक लिहितो.

---

बँक मित्र ताई | शनिवार, रात्री ८.१५

मुनीम भाऊंनी बरोबर सांगितलं. त्यात माझी थोडी भर.

मी मानोरा तालुक्यात गावातच बँक मित्र, म्हणजे बँकेची गावातली प्रतिनिधी, म्हणून काम करते. लोक चेक घेऊन माझ्याकडे येतात आणि मी परत पाठवते, कारण चेक मला घेता येत नाही. पण पैसे खात्यात आले की शनिवार-रविवार माझं दुकान उघडं असतं. आधार लावून एका वेळी १०,००० पर्यंत निघतात. जास्त पाहिजे असतील तर मला आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण गल्ल्यात असतील तेवढेच मी देऊ शकते. बाजाराच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत माझा गल्ला रिकामा होतो. तुमच्या गावच्या बँक मित्राला आज रात्रीच फोन करा.

आणखी एक. वेचणीच्या दिवसात बोटं सोललेली असतात. बोंडाची टोकं लागून लागून अंगठ्यावरच्या रेषाच उठत नाहीत, मशीन तीनदा नाही म्हणते आणि बाया घाबरतात की पैसे गेले. हात कोमट पाण्यानं धुवा, पुसा, आणि अंगठा नाही चालला तर करंगळीच्या शेजारचं बोट लावा. त्याला काटे कमी लागलेले असतात.

मजुरीचं म्हणाल तर ज्या बायांकडे स्मार्टफोन आहे त्यांना विचारून फोनवरच टाका. पण विचारून. आमच्याकडे एकीचे फोनवर आलेले पैसे नवऱ्यानं परस्पर उडवले, फोन त्याच्या खिशात होता.

---

वऱ्हाडी वखर | शनिवार, रात्री ८.४०

ताई, हे लय कामाचं सांगितलं. मले अंगठ्याचं माहीतच नव्हतं, मी आपला मशीनले शिव्या देत होतो.

काळी माती, केसीसीत (किसान क्रेडिट कार्डात) काही उरलं हाये का? असन तर त्यातून काढ. तीन लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत शून्य टक्के पडते. दोन टक्केवाल्यापेक्षा तेच बरं.

---

काळी माती | शनिवार, रात्री ९.०५

केसीसी जूनमध्येच उचललं भाऊ. बियाणं, खत, फवारणी अन् पोरीची फी. उद्या सकाळी जिनिंगवर जातो. कापूस नसला तरी ऑफिस उघडं असते म्हणे.

---

काळी माती | बुधवार, सकाळी ७.३०

ज्यांनी वेळ काढला त्यांना काय झालं ते सांगितलं पाहिजे म्हणून लिहितो.

रविवारी आठलाच गेलो. शेठ नव्हते, मुनीम होता. मी इथल्या मुनीम भाऊंनी शिकवलं तसंच म्हटलं, पस्तीस आता, बाकीचे मंगळवारी. त्यानं शेठला फोन लावला. फोनवरचा आवाज मला ऐकू येत होता, 'परवा काऊन नाही बोलला तो?' हे बरोबरच होतं. शुक्रवारी मी भावावर बोललो होतो. पाच मिनिटांनी माझ्या फोनवर ३५,००० पडले. जुना चेक समोर फाडला. १,३३,००० चा नवा, आधार पाहून, बालाजी. तारीख मंगळवारचीच. एनईएफटीबद्दल विचारलं तर 'मंगळवारी पाहू' म्हणाला. मी म्हटलं मग चेक राहू द्या हातात, कागद असलेला बरा.

गावच्या बँक मित्रानं रात्रीच्या फोनवरून दहा हजार बाजूला ठेवले होते. तिघींनी फोनवर घेतले, बाकीच्यांना नगदी. दोनशे कमी पडत होते ते बायकोच्या डब्यातून. जिनं शुक्रवारी विचारलं होतं तिनं पैसे दोनदा मोजले, बरोबर निघाले, काही बोलली नाही, थैली घेऊन बाजाराला गेली.

काल मंगळवारी १०.४० ला काउंटरवर चेक दिला. मॅडम म्हणाल्या पेटीत टाका. मी म्हटलं शिक्का पाहिजे. त्यांनी एकदा वर पाहिलं, मग मारला. संध्याकाळी ५.२० ला मेसेज आला. तेव्हा मी चना पेरून राहिलो होतो, फोन टिफिनच्या थैलीत होता, तो अंधार पडल्यावर पाहिला.

दोन टक्केवाला आज सकाळी भेटला. 'जमलं का?' म्हणे. जमलं म्हटलं.

अन् ताई, रविवारी माझाच अंगठा नाही उठला. करंगळीच्या शेजारचं बोट लावलं, पहिल्या झटक्यात झालं.

---

बँक मित्र ताई | बुधवार, सकाळी ८.१०

दादा, ते बोट आता बँक मित्राला सांगून ठेवा, पुढच्या वेळी आधी तेच लावायला.